एका बुटाच्या बदल्यात

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पितळेच्या दोन नळ्या, त्यांत घट्ट बसवलेली भिंगे, मध्ये एक दातेरी चाक आणि गळ्यात अडकवायला कातडी पट्टा, एवढाच माझा संसार. कुठल्या कप्तानाने मला जहाजावर नेले नाही, की कुठल्या शिकाऱ्याने जंगलात फिरवले नाही. माझे सगळे आयुष्य एका चित्रदालनात गेले. पण म्हणून मी थोडेच पाहिले असेल असे समजू नका हं! आणि गेल्या वर्षी तर मी असे काही पाहिले, की त्याची आठवण झाली तरी माझे चाक आपोआप फिरेल की काय असे वाटते. ते सांगते, पण आधी थोडे मागचे सांगू द्या.

माझा जन्म भिंगे घासण्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे ओल्या तांबड्या भुकटीवर काच गरगर फिरवत. काच इतकी घासत, इतकी घासत, की शेवटी ती आहे की नाही तेच कळेनासे व्हायचे. तयार झालेली प्रत्येक दुर्बीण एक कारागीर बाई तपासायच्या. त्यांची तपासायची पद्धत त्यांची त्यांनी काढलेली. खिडकीशी उभ्या राहून त्या नदीपलीकडच्या स्वतःच्या गच्चीवर दुर्बीण रोखायच्या आणि दोरीवरचे कपडे वाळले का ते बघायच्या. मला डोळ्याला लावले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाई, धाकट्याच्या सदऱ्याचं बटण तुटलंय!" आणि मला डब्यात ठेवत हसून म्हणाल्या, "ही झाली." माझी परीक्षा ती तेवढीच.

तिथून मी थेट या शहरात आले. शहर फार जुने. चहूबाजूंनी दगडी तट, मध्ये नदी, नदीवर कमानींचा पूल, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून शेजारणी एकमेकींना मीठ देत असतील. आमचे दालन म्हणजे पूर्वीचे धान्याचे कोठार. त्यामुळे भिंती अशा उंच की चिमण्यासुद्धा मध्ये दम खायला थांबत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या भिंतीवर एक अवाढव्य चित्र टांगले होते आणि त्याचे वरचे टोक कोणालाच नीट दिसत नव्हते. म्हणून तर मला आणले.

काय सांगू त्या चित्राबद्दल! याच शहरातला चौक, आणि चौकात बाजाराचा दिवस. माणूसच माणूस. खाली मासे विकणारी बाई, तिच्या टोपलीतला एकेक खवला चमकतो. तिच्यामागे चाकूला धार लावणारा, त्याच्या ठिणग्या. एक कुत्रा हळूच कोणाच्या तरी पिशवीत तोंड घालतो आहे. त्यामागे कमान, कमानीवर घर, घराच्या वरच्या मजल्यावर खिडकी, आणि त्या खिडकीत एक बाई. मी किती माणसांना ते चित्र दाखवले! लोक मला डोळ्यांना लावत आणि ओरडत, "अरे, तो कुत्रा बघ, तो कुत्रा!" त्यांच्या पापण्या माझ्या काचेवर फडफडत. मला गुदगुल्या व्हायच्या.

एक गोष्ट मात्र मला फार लवकर कळली. खालच्या माणसांची बटणेसुद्धा चित्रकाराने मोजून काढली आहेत. पण लांबच्या माणसांना त्याने नाक-डोळे दिलेलेच नाहीत. एक ठिपका, एक तिरका फटकारा, झाले. बाकीचे काम खालून बघणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी करायचे. त्याची ती रीतच होती. त्यामुळे वरच्या खिडकीपर्यंत कोणी मला नेले की हमखास म्हणे, "हात्तिच्या, हा तर नुसता रंग!" आणि मला घाईघाईने खाली कुत्र्यावर आणी.

आता बुटाची गोष्ट. एकदा एक गृहस्थ मला गळ्यात तशीच ठेवून पार स्टेशनावर गेले. त्यांना वाटले आपला मफलरच आहे. तेव्हापासून आमच्या दारवान काकांनी नियम केला, की दुर्बीण पाहिजे त्याने एक बूट काउंटरवर ठेवायचा. "एका बुटावर माणूस फार लांब जात नाही," ते म्हणत. मोठमोठे कोटवाले साहेब एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा थाटात दालनात लंगडत फिरत. चित्रांइतकीच गंमत त्यांच्याकडे बघण्यात यायची.

त्याच काळात एकदा शाळेची सहल आली. सगळ्या मुली पुढे गेल्या. दोन वेण्यांची एक मुलगी मोठ्या चित्राखाली तशीच उभी राहिली. मान इतकी मागे टाकलेली की वेण्या कमरेखाली लोंबत होत्या. मग ती काकांजवळ आली.

"मला ती दुर्बीण द्या ना. हा घ्या बूट."

"पोरांच्या हातात नाही द्यायची ती. फुटली म्हणजे?"

"पण माझी आई आहे तिथे वर. त्या खिडकीत."

"आई घरी असते बाळ, भिंतीवर नसते," काका म्हणाले.

"घरी नाहीये," ती म्हणाली.

काकांचा हात माझ्या पट्ट्याकडे आलाही होता. तेवढ्यात शाळेच्या बाईंनी येऊन तिचा दंड धरला आणि तिला रांगेत नेले. ती दारापर्यंत मागे वळून वळून बघत होती. तिच्या हातात तिचा तो बूट तसाच होता.

वर्षे गेली. दारवान काका गेले. मग लोकांच्या खिशांत मोबाइल आले. फोटो काढायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, पुढे जायचे. मला कोण विचारतो! मी काउंटरच्या ड्रॉवरात जाऊन पडले. तिथे शेजारी कोण? एक मोडका स्टेपलर, वाळलेली शाईची गादी आणि कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली. अंधारात एकच दिलासा होता. ड्रॉवराला फट होती आणि त्या फटीतून चित्रातल्या कुत्र्याचे शेपूट दिसायचे. मी रोज त्या शेपटाकडे बघत बसायची.

आणि मित्रांनो, गेल्या वर्षी एका दुपारी त्या फटीतून आवाज आला.

"ती बघ! ती बघ बेबी, वरच्या खिडकीत!"

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, पण त्या 'बघ'मध्ये दोन वेण्या होत्या. मी ओळखले. माझी भिंगे धुळीखाली लखलखली असतील!

"कुठे? मला नुसता ठिपका दिसतोय," दुसरी बाई म्हणाली. ही धाकटी बहीण. साठी उलटली तरी तिचे नाव बेबीच.

"अगं कमानीच्या वर, डावीकडे. थांब, चष्मा पूस. मलाही आता ठिपकाच दिसतोय म्हणा. तेव्हा कशी लख्ख दिसली होती! मोबाइलनं मोठं करून बघ ना."

"मोबाइल मेला केव्हाच. चार्जिंग संपलं."

"संपेल नाही तर काय! सकाळपासून कबुतरांचे फोटो काढत सुटलीस. आपल्याकडे कबुतरं नाहीत?"

"ही ऐतिहासिक कबुतरं आहेत, ताई."

दोघी खो खो हसल्या. पण मला ऐकू येत होते, ताईंच्या हसण्याला धार होती. हळूहळू सगळे कळले. बेबी तान्ही असताना त्यांची आई गेली. आईचा एकही फोटो नव्हता, कारण काढायचा राहूनच गेला होता. त्यानंतर सहलीत ताईंना या चित्रात आई दिसली. घरी परतल्यावर त्यांनी पाळण्यातल्या बहिणीला वचन दिले होते, "मोठी हो, तुला आई दाखवीन." आधी बहिणीची शाळा, मग दोघींच्या नोकऱ्या, लग्ने, आजारपणे. यायचे यायचे म्हणता आत्ता आल्या होत्या, आणि संध्याकाळची बस पकडून परत जायचे होते. बेबीला आईचा चेहरा आठवणे शक्यच नव्हते. तो बघायला ती इथवर आली होती.

ताई तरातरा काउंटरवर आल्या. "अहो बाई, इथे पूर्वी एक दुर्बीण असायची. बुटाच्या बदल्यात द्यायचे."

काउंटरवरच्या बाई तिकिटे फाडता फाडता थांबल्या. "दुर्बीण? आहे की नाही कोण जाणे. थांबा हं."

ड्रॉवर करकरला. उजेड! एवढा उजेड, की मला शिंका येणार असे वाटले. काउंटरबाईंनी मला ओढणीने पुसले आणि तोंड भरून हसल्या. "नियम म्हणजे नियम. एक बूट काढा."

"एकच का?" बेबी खुर्चीत बसतच म्हणाली. "दोन्ही घ्या! नवीन आहेत, सकाळपासून चावताहेत मेले. चित्रं काय बुटांनी बघायची असतात?"

तिने दोन्ही बूट काउंटरवर ठेवले आणि मोज्यांनी गुळगुळीत फरशीवर चक्क घसरत निघाली.

"बेबी! वय काय तुझं!" ताई ओरडल्या, आणि स्वतःही पळतच निघाल्या.

आता माझी अवस्था ऐका. इतक्या वर्षांनी मी कोणाच्या तरी हातात होते, गळ्यातला पट्टा झुलत होता, समोर माझे लाडके चित्र होते. मला आनंदाने वेड लागायचे बाकी होते. आणि त्याच वेळी मला ठाऊक होते, की त्या खिडकीत चेहरा नाही. तिथे आहे तो फक्त एक तपकिरी ठिपका आणि त्याच्याखाली एक फटकारा. मी ओरडून सांगणार कशी? मला फक्त दाखवता येते. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटले, मी आंधळी असते तर बरे झाले असते.

ताईंनी मला डोळ्यांना लावले. मासेवाली, ठिणग्या, कुत्रा, कमान. माझे चाक गंजून घट्ट झाले होते. ते फिरूच नये असे मी मनात म्हणत होते. पण ताईंच्या बोटात जोर होता. चाक फिरले. खिडकी सरकत जवळ आली आणि स्वच्छ झाली.

ताईंनी मला डोळ्यांवरून खाली घेतले.

"सापडली? सापडली का गं? कशी आहे? माझ्यासारखी आहे? दे ना मला!"

"भिंगं खराब झालीत हिची," ताई म्हणाल्या. "काही दिसत नाही. जाऊ दे. चल, बस चुकेल."

माझी भिंगे खराब? धाकट्याच्या सदऱ्याचे तुटके बटण ज्यांनी पकडले ती भिंगे? पण मला राग आला नाही. माझ्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला होता आणि तो ताईंचा होता.

बेबीने मला हिसकावून घेतले. तिने थेंब पुसला आणि बघितले. खूप वेळ बघितले.

"ताई, आईचं नाक कुठंय गं?"

"नाहीये," ताई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. "नाक नाही, डोळे नाहीत, काहीच नाही. मी तुला एवढी वर्षं काय काय सांगत आले! आईचे डोळे असे, आईची जिवणी अशी. मी फसवलं नाही गं तुला. मला दिसली होती. खरंच दिसली होती."

मला वाटले, आता या दोघी मान खाली घालून निघून जाणार आणि मी पुन्हा स्टेपलरच्या शेजारी. पण बेबीने मला डोळ्यांवरून काढलेच नव्हते.

"ताई, गप्प बैस जरा. नाक राहू दे. तिचं कोपर बघ. कोपर चौकटीवर, हनुवटी मुठीवर, आणि एक खांदा हा असा वर. आई अशी उभी राहायची?"

"हो. मी शाळेतून येईपर्यंत खिडकीत अशीच उभी असायची. मला उशीर झाला की तो खांदा वर चढायचा. लांबून खांदा बघूनच मला कळायचं, आज बोलणी बसणार!"

"आणि मला उशीर झाला की आपल्या खिडकीत कोण असायचं?"

"कोण असणार? मीच. दुसरं होतं कोण?"

"कशी उभी असायचीस?"

"कशी म्हणजे? माणूस उभं राहतं तशी."

"अजिबात नाही! अश्शी! या बाईसारखी! कोपर, मूठ, आणि तो तुझा खांदा. मी गल्लीच्या तोंडाशी आले की आधी तुझा खांदा बघायचे. वर असला की तिथूनच सबबी जुळवायला लागायचे." बेबीचा आवाज आता इतका चढला होता की दालनातले सगळे वळून बघायला लागले. "ताई, तुला इथे नाक दिसलंच नव्हतं. तुला आईचा खांदा दिसला होता!"

ताई मान मागे टाकून पुन्हा त्या खिडकीकडे बघायला लागल्या. बेबीने तोवर वर बोट दाखवून शेजारच्या माणसाला विचारलेसुद्धा, "अहो, हे घर खरं आहे का?"

"आहे ना. या समोरच्याच चौकात. खाली टोप्यांचं दुकान आहे. वरून चौक छान दिसतो, सोडतात वर."

"ऊठ," बेबी म्हणाली.

"कुठे?"

"ऊठ म्हणते ना!"

आणि मित्रांनो, दोघी पळत सुटल्या. काउंटरबाईंसमोर शाळेचा एक मोठा घोळका उभा होता, त्यांना काही दिसले नाही. दारवान काकांचा नियम तसा बिनतोड. एक बूट काढलेला माणूस लंगडतो आणि लंगडताना त्याला दुर्बिणीची आठवण होते. पण दोन्ही बूट काढून ठेवलेल्या माणसाचे काय? काका, एवढा विचार तुम्ही केला नव्हता! बेबी मोज्यांनी मजेत पळत होती आणि मी तिच्या गळ्यात उड्या मारत होते. दाराबाहेर!

मी रंगातला चौक इतकी वर्षे पाहिला होता. खरा चौक मी पहिल्यांदाच पाहत होते. तीच कमान! तोच दगड, उन्हात मधासारखा पिवळा! चाकूला धार लावणारा नव्हता, त्याच्या जागी सायकली दुरुस्त करणारा होता, आणि ठिणग्या तशाच. एक कुत्रा होता. देवाशपथ, कोणाच्या तरी पिशवीत तोंड घालत होता! माझ्या दोन्ही नळ्या भरून गेल्या. काय बघू आणि काय नको असे झाले.

टोपीवाले हातातली टोपी बाजूला ठेवून म्हणाले, "या, या. जिना जपून चढा, आजी."

"तू नाही येत वर?" ताईंनी बहिणीला विचारले.

"मी वर आले तर बघणार कोण? जा तू. खिडकीत उभी राहा."

बेबी चौकाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. तिने मला डोळ्यांना लावले. कमानीवरच्या खिडकीची दारे उघडली. आधी एक ठिपका आला. मग ताईंनी कोपर चौकटीवर टेकले, हनुवटी मुठीवर ठेवली. त्यांना कोणी सांगितले नव्हते, त्या सवयीनेच तशा उभ्या राहिल्या. आणि बस चुकण्याची काळजी होतीच, त्यामुळे खांदा हळूहळू वर चढला.

बेबीने माझे चाक फिरवले.

मी माझे सगळे कसब पणाला लावले. मी त्या बाईंचे पांढरे केस दाखवले. कपाळावरच्या आठ्या दाखवल्या. डोळ्यांखालची सुरकुती, गालावरचा तीळ, थोडेसे बसके नाक, काहीतरी पुटपुटणारी जिवणी. जन्मापासून मी कोणाला कधी इतके स्पष्ट दाखवले नव्हते. घर तेच, खिडकी तीच, उभे राहणे तेच. चित्रकाराने जे बघणाऱ्यावर सोडून दिले होते ते सगळे आता तिथे होते.

"अगं दिसतंय का काही?" ताई वरून ओरडल्या. "लवकर बघ, बस जाईल!"

माझ्या काचा पार ओल्या झाल्या होत्या.

"बेबी! दिसली का आई?"

"दिसली!" बेबीने सगळ्या चौकाला ऐकू जाईल असे ओरडून सांगितले. "नाकासकट दिसली!"

वरची बाई हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. आणि मी अगदी जवळून पाहिले, तिचा तो वर चढलेला खांदा हळूच खाली आला.

तेवढ्यात मागून धापा टाकत आवाज आला, "ओ बाई! अहो, दुर्बीण! अहो, तुमचे बूट!" काउंटरबाई दोन्ही हातांत एकेक बूट घेऊन चौकातून पळत येत होत्या, आणि त्यांच्यामागे मघाचा शाळेचा सगळा घोळका.

बस चुकली. पुढची मिळाली. माझा निरोप घेताना ताईंनी मला रुमालाने पुसले आणि म्हणाल्या, "तुझी भिंगं चांगली आहेत गं. मी उगाच बोलले."

आता मी ड्रॉवरात नसते, काउंटरवर असते. माझ्या चाकाला तेलाचा थेंब मिळाला आहे, पट्टा नवा झाला आहे, आणि मागे पाटी लागली आहे, 'दोन्ही बूट घेतले जाणार नाहीत.' ती वाचून लोक हसतात आणि मला मागून घेतात.

तुम्हीही या, मित्रांनो. जरूर या. तुमच्यासाठी वयाची अट आता कोणी घालत नाही. पट्टा गळ्यात घाला, भिंगांना बोटे लावू नका, आणि खिडकीतल्या बाईला नाक नाही म्हणून चित्रकाराला नावे ठेवू नका. आमच्यासारख्या जुन्या वस्तू ड्रॉवरात टाकायच्या आधी एकदा उजेडात धरून बघा, एवढेच माझे मागणे. आणि घरी जाल तेव्हा तुमच्या खिडकीत जे कोणी खांदा वर चढवून उभे असेल ना, त्याच्याकडे आत शिरण्याआधी गल्लीतूनच एकदा नीट बघा. तिथे माझी गरज पडणार नाही. बूटही काढावे लागणार नाहीत.